तिला मराठीतही सांगता येत नव्हतं

दोन महिने झाले हे लिहायचं म्हणतेय, दर वेळी अर्धवट टाइप करून सोडून देते. पण गेल्या आठवड्यात इथल्याच एका मराठी आईचा फोन आला, तिच्या मुलाच्या शाळेने तिला सांगितलेलं वाक्य म्हणजे माझ्या लेकीच्या बोलण्याबद्दल आम्हाला सांगितलेलंच वाक्य होतं, "घरी दुसरी भाषा बोलता ना, म्हणून होतंय, थोडा वेळ द्या." ती फोनवर रडत होती आणि मला माझंच तेव्हाचं सगळं आठवलं. म्हणून आज बसलेच.

आम्ही यूकेत, साउथ वेल्समध्ये राहतो. नवरा हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स, तो आधी आला, मी आणि लेक नंतर २०२२ मध्ये आलो तेव्हा ती तीन वर्षांची होती. गावाचं, शाळेचं, काउन्सिलचं नाव लिहीत नाहीये, कारण ही माणसं वाईट नव्हती आणि मला कुणाला झोडायचं नाहीये, फक्त जे झालं ते सांगायचंय.

रिसेप्शनमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या सीनियर केजीच्या वयात, पहिल्या पेरेंट्स इव्हिनिंगला टीचर म्हणाल्या की ती खूप गोड आहे पण बोलत नाही, सूचना समजत नाहीत, दुसरी मुलं काय करतात ते बघून करते. मग तेच, घरी मराठी आहे म्हणून. आणि जमलं तर घरी जरा इंग्रजी वाढवा. आम्ही ऐकलं. शाळेतल्या बाईंनी सांगितलंय म्हटल्यावर आपण ऐकतोच ना. पाच महिने आम्ही दोघं घरात पोरीशी इंग्रजीत बोललो, जेवताना इंग्रजी, झोपवताना इंग्रजी, माझं इंग्रजी कामापुरतं बरंय पण लेकीला कुशीत घेऊन मी इंग्रजीत काय बोलणार, तीच ती चार वाक्यं. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा ती फोनसमोरून उठून जायला लागली. त्या पाच महिन्यांचं मला अजूनही वाईट वाटतं. पुढे स्पीच थेरपिस्टने स्पष्ट सांगितलं की घरची भाषा बंद करून काही फायदा होत नाही, उलट पोरीची जी भक्कम जागा असते तीच आपण काढून घेतो.

मग उन्हाळ्यात आई आली, व्हिजिटर व्हिसावर, तीन महिने. आई साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिक्षिका होती, जास्त करून पहिली-दुसरीच्या वर्गांवर. आल्या आल्या तिने घरातलं इंग्रजी बंद केलं. "मला कळंल असं बोला," एवढंच म्हणाली, विषय संपला.

एका शनिवारी आम्ही बॅरी आयलंडला गेलो, समुद्रावर. तिथले सीगल म्हणजे काय, माणसाला घाबरत नाहीत, एकाने पोरीच्या हातातला चिपचा पुडा झडप घालून उडवला. आई छत्री घेऊन त्याच्यामागे धावली, सगळे बघून हसत होते, पोरगी पण खूप हसली. घरी आल्यावर नवरा ड्युटीवरून आला तर आई तिला म्हणाली, बाबांना सांग काय झालं ते. मराठीतच. आणि ती उभी राहिली, डोळे चमकत होते, सगळं सांगायचं होतं तिला, आणि ती म्हणाली, "तो... ते वालं... तो माझं... आजी ना... असं." आणि छत्रीसारखा हात हलवला. परत, "तो माझं... असं. आजी असं." मग एकदम गप्प होऊन माझ्या मागे येऊन लपली.

रात्री आई ओट्यापाशी भांडी पुसत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "अगं हिला इंग्रजी येत नाही हे दुखणं नाहीये. हिला मराठीतबी सांगता येईना. सगळं समजलंय पोरीला, डोक्यात आहे, पण शब्द लागत नाहीत एकापुढं एक." थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या वर्गात असायची गं अशी पोरं. वर्षाला एखाददुसरं. आम्ही त्यांना मठ्ठ म्हणायचो, मागं बसवायचो. देवा." त्यापुढे ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने वही केली. दोनशे पानी, टेस्कोतून आणलेली. रोज तारीख टाकून, पोरगी जे बोलली ते जसंच्या तसं, आणि शेजारी आईने काय विचारलं होतं ते. "शाळेत काय खाल्लं?" - "ते पिवळं." "कुणासोबत खेळलीस?" - "ती. लांब केस वाली." (त्या मुलीचं नाव तिला माहीत होतं, वर्षभर तिच्या शेजारी बसत होती.) "चप्पल कपाटात ठेव आणि पाणी आण" म्हटलं तर फक्त पाणी आणायची. आईला बाकी इंग्रजी कागदपत्रातलं काही कळत नव्हतं पण ही वही पुढे आमच्या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद ठरली.

आता कायद्याचं, कारण मलाही हे कुणी सांगितलं नव्हतं, गणपतीला भेटलेल्या एका ताईंनी सांगितलं, त्यांचा मुलगा मोठा आहे, त्या यातून गेलेल्या. इंग्लंडमधल्या ओळखीचे लोक ईएचसीपी ईएचसीपी करतात (तिकडचा जादा मदतीचा कायदेशीर प्लॅन) ते वेल्समध्ये नाही, इथला कायदा वेगळा आहे, २०१८ चा, एएलएन कायदा म्हणतात सगळे, २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू केला. एएलएन म्हणजे अॅडिशनल लर्निंग नीड्स, शिकायला जी जादा मदत लागते ती, आणि ती गरज ठरली की मुलाचा एक आयडीपी करावा लागतो, इंडिव्हिज्युअल डेव्हलपमेंट प्लॅन. तो नुसता शाळेचा कागद नाही, कायद्याने बांधलेला आहे, त्यात लिहिलेली मदत द्यावीच लागते, आणि गरज असेल तर वयाच्या २५ पर्यंत. प्रत्येक शाळेत या कामाला एक अॅल्नको, म्हणजे एएलएनची कोऑर्डिनेटर असते, तिलाच भेटायचं.

ताईंनी मला त्याच कायद्यातलं एक वाक्य फोनवर काढून दाखवलं. घरी बोलली जाणारी भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे एवढ्याच कारणाने मुलाला शिकण्याची अडचण आहे असं धरता येणार नाही. मी म्हटलं, अहो ताई, हे तर शाळेच्या बाजूचं वाक्य झालं. तर त्या म्हणाल्या, परत वाच, "एवढ्याच कारणाने" म्हटलंय. घरी मराठी आहे म्हणून अडचण आहे असं म्हणता येत नाही, तसं घरी मराठी आहे म्हणून अडचण नाहीच असं पण म्हणता येत नाही, बघावं लागतं. आणि अडचण दोन्ही भाषांत असेल तर मग भाषेचा प्रश्नच उरत नाही. मला आईची वही आठवली.

मग मी ईमेल लिहिला अॅल्नकोला, हेडटीचरला सीसी. आधी मी तीनदा शाळेच्या गेटवर तोंडी बोललेले, त्याचा काही उपयोग झाला नाही बरं का, तोंडी बोललेलं कुठे धरलं गेलं नाही. ईमेलमध्ये सरळ लिहिलं की माझ्या मुलीला एएलएन असू शकतं असं मला वाटतं, कायद्याप्रमाणे तुम्ही निर्णय घ्या आणि लेखी कळवा. त्या तारखेपासून शाळेचं घड्याळ सुरू होतं, ३५ दिवस, पण शाळेचे ३५ दिवस, म्हणजे नुसते सात आठवडे नाहीत, मध्ये ख्रिसमसची सुट्टी आली की ते जानेवारीत जातं. मी वहीच्या मागच्या पानावर एकेक दिवस खोडत होते.

उत्तर आलं, नाही. पत्र सभ्य होतं, दोन भाषांत, डावीकडे वेल्श उजवीकडे इंग्रजी. एएलएन नाही असा आमचा निर्णय आहे, प्रगती ही घरची भाषा वेगळी असणाऱ्या मुलांच्या अपेक्षेप्रमाणे आहे, वर्गात सगळ्यांना मिळते त्या मदतीत भागेल. वहीचा उल्लेख नाही. मी वहीतली सहा पानं भाषांतर करून जोडली होती. त्या पत्राकडे बघून मला एकच वाटत राहिलं, की या देशात लोकांनी पिढ्यान्पिढ्या आपली वेल्श भाषा शाळेत टिकावी म्हणून एवढं केलंय, पोरगी घरी येऊन "बोरे दा" (वेल्शमधलं गुड मॉर्निंग) म्हणते आणि मला किती छान वाटतं, दोन भाषांत वाढणारं मूल म्हणजे काय हे इथल्या लोकांना कळायला हवं ना, सगळ्यात जास्त यांनाच कळायला हवं.

इथे बरेच लोक थांबतात. शाळा नाही म्हणाली म्हणजे संपलं असं वाटतं, आणि नवऱ्यालाही तसंच वाटलं, तो म्हणाला उगाच शाळेशी वाकडं नको घ्यायला, पोरीलाच त्रास होईल. पण शाळेच्या वर काउन्सिल असतं, म्हणजे इथली नगरपालिका. वेल्समध्ये २२ काउन्सिल आहेत, शाळांना पैसे त्यांच्याकडून जातात, आणि शाळेचा एएलएनचा निर्णय पटला नाही तर काउन्सिलला लिहून "रीकन्सिडर करा" म्हणता येतं, मग काउन्सिलला स्वतः पुन्हा निर्णय घ्यावाच लागतो, तो टाळता येत नाही. हे मला स्नॅप कम्री नावाच्या संस्थेच्या हेल्पलाइनवर कळलं, फुकट सल्ला देतात, फोन लागायला वेळ लागतो पण लागल्यावर बाईंनी पाऊण तास माझं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनीच सांगितलं की ट्रिब्युनल पण आहे, एज्युकेशन ट्रिब्युनल फॉर वेल्स, पण तिथे शाळेच्या निर्णयावर थेट जाता येत नाही, आधी काउन्सिलचा निर्णय हवा आणि मग त्यावर आठ आठवड्यांत अपील. म्हणजे काउन्सिलची पायरी चुकवली तर पुढचा रस्ताच बंद.

मी काउन्सिलच्या एएलएन टीमला लिहिलं. या वेळी एक पानाच्या वर नाही. तीन मुद्दे, वहीतली दहा उदाहरणं तारखेसकट, प्रत्येक उदाहरण मराठीत, खाली त्याचा शब्दाला शब्द इंग्रजी अर्थ, आणि त्याखाली त्या वयाचं मराठी मूल साधारण काय म्हणालं असतं ते. हे शेवटचं आईने फोनवर सांगितलं, मी टाइप केलं. आणि शेवटी एक ओळ, ही अडचण तिच्या मातृभाषेत आहे, हे निरीक्षण ३१ वर्षं लहान मुलांना शिकवलेल्या शिक्षिकेचं आहे.

त्यांनी एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट पाठवली, ती वर्गात बसली, पोरीबरोबर खेळली, आणि तिनेच स्पीच थेरपिस्टकडे पुढे ढकललं, ते हेल्थ बोर्डाकडे येतं. पहिल्या अपॉइंटमेंटला दुभाषी आले ते हिंदीचे. फॉर्मवर मी मराठी लिहिलेलं, कुणीतरी "इंडियन" वाचून हिंदी बुक केलं असणार. ते काका बिचारे फार चांगले होते, पण आमच्या पोरीला हिंदीचा एक शब्द येत नाही, त्यांनी हिंदीत विचारलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली, आणि थेरपिस्ट लिहायला लागली "नो रिस्पॉन्स". मी म्हटलं थांबा, हे लिहू नका. हात थरथरत होते माझे. त्यांनी पेन खाली ठेवलं, सॉरी म्हणाल्या, आणि अपॉइंटमेंट पुन्हा लावली. तेव्हा मी गप्प बसले असते तर तो "नो रिस्पॉन्स" आयुष्यभर फाइलमध्ये राहिला असता. कृपा करून फॉर्मवर भाषा लिहिताना ठळक लिहा, आणि आदल्या दिवशी फोन करून विचारा की कुठल्या भाषेचा दुभाषी येतोय.

दुसऱ्या वेळी मराठी बोलणाऱ्या बाई फोनवरून होत्या. तासभर चाललं, चित्रं बघून गोष्ट सांगणं, वाक्य ऐकून तसंच म्हणणं, वगैरे. निदान आलं डीएलडी, डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर. थेरपिस्टने सांगितलं की हे काही दुर्मिळ नाहीये, तीसच्या वर्गात साधारण दोन मुलं असतात, आणि मूल जितक्या भाषा बोलतं त्या सगळ्यांत ते दिसतं, एकाच भाषेत कधी नसतं. दोन भाषांमुळे होत पण नाही. आईला फोन करून सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "नाव आहे म्हणजे त्याला." नंतर बराच वेळ गप्प. तिला तिच्या वर्गातली ती पोरं आठवत असणार.

काउन्सिलचा निर्णय मुदतीत आला. एएलएन आहे. प्लॅन काउन्सिल करेल आणि पुढे तो सांभाळायचा शाळेने.

आयडीपीची मीटिंग शाळेतच झाली, पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही सगळे मोठे बसलेलो, आणि पहिल्यांदा मला तिथे बरं वाटलं, कारण सुरुवात पोरीपासून झाली. एक पानी प्रोफाइल असतं, मला काय आवडतं, माझ्यासाठी काय महत्त्वाचं, मला कशी मदत करा. तिने चित्र काढलं होतं, एक मोठा पांढरा पक्षी आणि छत्री. टीचरला कळेना हे काय आहे. मी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच. नंतर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मी गेल्या वर्षीच ओळखायला हवं होतं. मी त्यांच्यावर चिडलेले होते ते तिथे संपलं.

पण मसुदा वाचताना नीट बघा हां. आमच्या पहिल्या मसुद्यात मदतीच्या रकान्यात होतं, "गरजेप्रमाणे छोट्या गटात संधी", "योग्य तेथे दृश्य साहित्य". ऐकायला छान वाटतं पण यातलं काहीच मोजता येत नाही, उद्या एकदाही झालं नाही तर आपण काय दाखवणार. स्नॅपच्या बाईंनी आधीच बजावलं होतं, प्रत्येक ओळीला विचारायचं, कोण करणार, किती वेळ, आठवड्यातून किती वेळा, त्या माणसाला ट्रेनिंग कुणी दिलंय. आम्ही मीटिंगमध्ये बसून बदलून घेतलं, ट्रेनिंग घेतलेली टीए (टीचिंग असिस्टंट, वर्गातली मदतनीस), २० मिनिटं, आठवड्यातून तीनदा, थेरपिस्टने दिलेल्या कार्यक्रमाप्रमाणे, आणि नवीन धडा सुरू व्हायच्या आधी त्यातले शब्द तिला वेगळे शिकवायचे. शाळेची अॅल्नको एकदा म्हणाली, बजेट पाहता एवढं लिहून द्यायला आम्हाला अवघड जातं. तिचंही खरं असेल, ती आठवड्यातले दोनच दिवस हे काम करते आणि बाकी दिवस वर्ग घेते, माझा राग तिच्यावर नाहीच. पण पैसे कमी आहेत म्हणून गरज नाही असं लिहिणं चूक आहे, आणि आधीच्या पत्राच्या मागे हेच होतं असं माझं मत आजही आहे.

ते डोक्यातून जाईना म्हणून मी आमच्या वॉर्डच्या काउन्सिलरना, म्हणजे नगरसेवकांना भेटले, लायब्ररीत त्यांची शनिवारची सर्जरी (लोकांना भेटायची वेळ) असते तिथे. (आपण भारतीय नागरिक असलो तरी इथल्या काउन्सिल निवडणुकीत मत देऊ शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, नाव नोंदवा.) मी त्यांना माझ्या मुलीचं नाही, आकड्यांचं विचारलं. पूर्ण वेल्सच्या सरकारी आकड्यांत २०२०-२१ मध्ये जादा गरजा असलेली ९२ हजारांवर मुलं नोंदलेली होती, २०२३-२४ ला ती ५२ हजारांच्या आसपास आली. कायद्यातली व्याख्या जवळपास तीच आहे, मग ही मुलं गेली कुठे? जुन्या यादीतली सौम्य गरजेची मुलं आता वर्गातल्या नेहमीच्या मदतीत धरतात असं उत्तर मिळतं, आणि बऱ्याच मुलांच्या बाबतीत ते बरोबरही असेल. पण त्यात आमच्या पोरीसारखी किती? घरी दुसरी भाषा असणाऱ्या किती मुलांना शाळांनी "नाही" म्हटलं, आणि त्यातल्या किती जणांच्या आईवडिलांनी काउन्सिलला लिहिलं?

त्यांनी तो प्रश्न लिहून घेतला आणि खरंच स्क्रुटिनी कमिटीत विचारला. शाळांच्या कामावर, शिक्षण खात्याच्या कामावर निवडून आलेल्या माणसांनी प्रश्न विचारायची ही जागा असते आणि ती मीटिंग वेबकास्ट होते, कुणीही बघू शकतं. मी लंच ब्रेकमध्ये फोनवर बघितली. अधिकारी म्हणाले, तशी विभागणी करून आकडे आमच्याकडे नाहीत. कमिटीने सांगितलं की पुढच्या रिपोर्टमध्ये आणा. एवढंच, दोन मिनिटांचं काम. पण मला वाटतं देखरेख म्हणजे हेच असतं, जे मोजलं जात नाही ते मोजायला लावणं, नाहीतर एस्टिनचे (वेल्समधल्या शाळा तपासणारी संस्था) इन्स्पेक्टर शाळेत येऊन जातील, काउन्सिलचीही तपासणी करतील, त्यांना दिसणार काय, कागदावर नसलेलं मूल दिसतच नाही ना. तो रिपोर्ट अजून आलेला नाही, मी अजेंडा बघत असते.

आता घरातलं एक सांगते. शाळेत तिला रंगीत कार्डांनी वाक्य बनवायला शिकवतात, कोण ते नारिंगी, काय करतंय ते पिवळं, काय ते हिरवं, कुठे ते निळं. टीएने मला एक सेट घरी दिला. मी मराठीत करायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी अडकले, कारण इंग्रजीत आजी, मग मेकिंग, मग टी, म्हणजे नारिंगी पिवळं हिरवं, आणि आपल्याकडे आजी चहा करते, पिवळं कार्ड शेवटी जातं. मी घाबरले, म्हटलं गोंधळेल पोरगी. थेरपिस्टला विचारलं तर ती म्हणाली, करा ना, मराठीत मराठीसारखंच लावा. मग आम्ही टेबलावर दोन ओळी करायला लागलो, वर शाळेची, खाली घरची. चौथ्या-पाचव्या दिवशी माझा हात चुकून खालच्या ओळीत पिवळं कार्ड मध्ये गेला तर तिने ते उचललं, शेवटी नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "घरचं शेवटी."

रविवारी ती आईला व्हिडिओ कॉलवर कार्डं दाखवत सांगत होती. पक्षी. चिप्स. घेऊन गेला. मग थांबली, कार्ड शोधलं, "आजी छत्री घेऊन पळाली." आईने तिकडे वही काढली आणि तारीख टाकून लिहिलं, मला फोनमध्ये पेन दिसत होतं. मूळ वही तिने जाताना माझ्यासाठी इथेच ठेवली, साताऱ्याला नवीन केलीये.

आयडीपीचा रिव्ह्यू बारा महिन्यांच्या आत व्हावा लागतो, आमचा जवळ आलाय. टीए आजारी आहे, दोन आठवडे झाले पोरीची सेशन्स झाली नाहीत आणि बदली कुणी आलेलं नाही. काल रात्री अॅल्नकोला ईमेल केलाय, किती सेशन्स बुडाली आणि ती कधी भरून देणार एवढंच विचारलंय, तारीख वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीये. गेल्या आठवड्यात फोन केलेल्या त्या आईला मी आज संध्याकाळी घरी बोलावलंय, तिला म्हटलं मुलाला पण आण, आणि येताना एक दोनशे पानी वही घेऊन ये.